हिरव्या छतासाठी कमी देखभालीची झाडे कोणती निवडावीत?

प्रश्न:
आमच्या सपाट काँक्रीट छताचा काही भाग हिरवा करायचा आहे. पाण्याने पूर्ण भिजलेल्या थराचे वजन दर चौरस मीटरला १५० किलोच्या वर जाऊ देऊ नये, असे अभियंत्यांनी छत तपासून लेखी कळवले आहे. जलरोधक थर, मुळे अडवणारा पडदा आणि निचऱ्याचा थर बसवून झाले आहेत. छतावर दिवसभर ऊन असते आणि वाराही जोराचा लागतो. घरच्यांना लॉन हवे आहे, पण पहिले वर्ष सरल्यावर रोज पाणी घालणे आम्हाला जमणार नाही. काय लावावे?

प्रतिसाद १:
झाडांच्या आधी मातीचा हिशेब करा, कारण निवड त्यावरच ठरते. एक चौरस मीटरवर १० सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे १०० लिटर माध्यम, म्हणजे झाडे ज्यात वाढतात ते मातीसारखे मिश्रण. बागेतली माती भिजली की तेवढ्याच थराचे वजन सहज १७० किलोच्या पुढे जाते; प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), विटांचा चुरा किंवा भाजलेल्या मातीचे हलके गोळे यांत थोडेसेच कंपोस्ट मिसळलेले माध्यम साधारण १२० ते १४० किलोंत बसते. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम १० सेंटिमीटर खोली आहे आणि तेवढ्यात लॉन पाण्यावाचून तग धरणार नाही, शिवाय ते सतत कापावे लागेल ते वेगळेच.

एवढ्या उथळ थरात सेडमसारखी मांसल पानांची झाडे सर्वांत भरवशाची. ती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात व रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यामुळे कडक उन्हातही त्यांच्यातले पाणी फारसे उडून जात नाही. सेडम आल्बम आणि सेडम आक्रे यांचे तोडलेले शेंडे ओलसर माध्यमावर नुसते पसरले तरी मुळे धरतात.

प्रतिसाद २:
वरील सल्ला थंड किंवा समशीतोष्ण हवेसाठी योग्य आहे. मात्र उष्णता आणि दमटपणा एकत्र असेल, तर सेडमच्या अनेक जाती कुजतात. तिथे ऑफिस टाइम (पोर्टुलाका), रिओ (खालून जांभळ्या पानांचे झाड) आणि पावसानंतर फुलणारी झेफिरँथस लिली यांचा विचार करावा. कोरडे महिने आले की लिलीची पाने वाळतात, पण कंद जिवंत राहतो. एकाच जातीने सगळे छत भरू नका. चार-पाच जाती मिसळल्या, तर एक मेली तरी तिची जागा दुसरी घेते.

प्रतिसाद ३:
कमी देखभाल म्हणजे शून्य देखभाल नव्हे, एवढे कृपया लक्षात ठेवा. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे आणि वडाचे बी हमखास पडते. ते रोप बोटभर असतानाच मुळासकट उपटावे, कारण पुढे त्याची मुळे सांध्यांत शिरतात. बांबू तर लावूच नये. खतही जपून द्या: जास्त नत्राने झाडे लुसलुशीत वाढतात आणि पहिल्याच कोरड्या आठवड्यात माना टाकतात.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. लॉनचा विचार सोडला. झाडे कठड्यापर्यंत लावली तर चालेल का?

प्रतिसाद १:
नको. कठड्यालगत आणि पाणी जाण्याच्या तोंडाभोवती निदान ३० सेंटिमीटर रुंद पट्टा झाडांविना ठेवून त्यात गोटे भरा. त्यांचे वजनही हिशेबात धरा. छताच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर वाऱ्याचा उपसा सर्वाधिक असतो, तिथले हलके माध्यम उडते. तोंडावर झाकण असलेली पेटी बसवा, म्हणजे ते उघडून आत साचलेली पाने काढता येतील.