मौलाना हो म्हणतात, तरी बाळाचा लसीचा डोस का राहतो?

आशा_भिवंडी: मी भिवंडीत आशा सेविका आहे. २०२२ ला गोवंडी, मालेगाव, आमच्याकडे गोवर पसरला तेव्हा मौलानांनी खूप साथ दिली, जुम्म्याला माइकवरून सांगितलं आणि कॅम्पला गर्दी झाली. पण रोजच्या लसीकरणाच्या सेशनला परत तेच रडगाणं. आई कार्ड हातात घेऊन दारात उभी, "इनसे पूछके बताती हूँ". आणि हे कोण, तर नवरा, लूमवर म्हणजे यंत्रमागावर रात्रपाळी करून आत झोपलेले, उठवायची सोय नाही. सासू म्हणते थोरल्याला पेंटाने, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीने, ताप आला होता, याला नको. मग अडतंय कुठं? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

सिस्टर_नाशिक: ताई, जुम्म्याला मशिदीत असतं कोण? पुरुष. बाईपर्यंत ते नवऱ्याच्या तोंडून पोचणार, पोचलं तर! आणि ताप आला की रात्रभर पोर मांडीवर घेऊन बसायचं तिनेच, वर "कशाला नेलंस" हेही तिनेच ऐकायचं, मग ती कशाला रिस्क घेईल? म्हणून मी सासूसमोरच बोलते, टोचलेल्या मांडीला सूज येईल, चोळायचं नाही, एखाद दिवस ताप येईल, औषध किती द्यायचं ते लिहून देते. आधीच सांगितलेला ताप आला की सुनेवर खापर फुटत नाही. लूम शुक्रवारी बंद असेल तर त्या दुपारी जा, नवरा जागा सापडतो.

पंढरपूरकर: हे सगळं मुसलमानांच्याच नावावर का खपवतात कळत नाही. आमच्याकडे अजून गोवर म्हणजे देवी, कडुनिंबाचा पाला उशाला, घरात फोडणी बंद, दवाखाना नको, कोप होईल. तिथेही सून गप्पच. आमच्या गल्लीत अंगात येणारी एक मावशी आहे, तिचा शब्द डॉक्टरपेक्षा चालतो. तिने स्वतःच्या नातवाला नेलं तेव्हा कुठे बाकीच्या उठल्या.

सलमा_पुणे: पंढरपूरकर दादा, बरोबर. तरी धर्मगुरूचा शब्द हलका नाही हो. इंडोनेशियात २०१८ ला उलेमा परिषदेने गोवर-रुबेलाच्या लसीवर फतवा काढला, लस आपल्या पुण्याच्या सीरमचीच. म्हणाले डुकराचा अंश आहे म्हणून हराम, पण गरज आहे म्हणून सध्या चालेल. लोकांनी पहिला अर्धाच धरला, अचेहसारख्या भागात मोहीम पार बसली. आणि आपल्याकडे यूपीत पोलिओच्या थेंबांनी नसबंदी होते अशी अफवा होती, तिथे जामिया, अलिगढ विद्यापीठांचे लोक आणि इमाम पुढे आले, पण दारोदार फिरल्या त्या मोहल्ल्यातल्याच बायका. नैसर्गिक विषाणूच्या पोलिओची देशातली शेवटची केस २०११ ची, हावड्याची. सो माइक हवाच, पण उंबऱ्याच्या आत बाईच लागते. तुमच्याकडे मुलींच्या मदरशात शिकवणाऱ्या आपा असतील ना, त्यांना विचारा.

आशा_भिवंडी: आहेत की! दुपारी बायका त्यांच्याकडे कुराण शिकायला बसतात, हे डोक्यातच नव्हतं आलं. सिस्टर, त्यांना सेशनला बसवायचं तर एमओ सरांना (मेडिकल ऑफिसर) आधी विचारावं लागेल का, की एएनएम ताईंना (उपकेंद्राच्या नर्स) सांगितलं तरी चालेल?

सिस्टर_नाशिक: एएनएमला सांगा, बास. आणि आपांच्या घरात लहान बाळ असेल तर पहिलं टोचण त्याचं, सगळ्यांच्या समोर.