अंगात आलं की अंगातून गेलं?

सायली_ठाणे: दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांच्या शिळाचित्रांवरचा लेख मराठीत करतेय. ड्राकेन्सबर्ग डोंगरांतल्या गेम पास शेल्टरमधल्या चित्रात एक एलंड (हरणासारखा मोठा आफ्रिकी प्राणी) मरायला टेकलाय. मान खाली, मागचे पाय एकमेकांत अडकलेले. त्याची शेपटी धरलेल्या माणसाचे पायही तस्सेच, आणि पावलांच्या जागी खूर! पुरातत्त्वज्ञ डेव्हिड लुईस-विल्यम्स यांच्या मते तो ‘ट्रान्स’मध्ये गेलेला वैद्य. मी ‘अंगात आलेला’ लिहिलं, तर मित्र म्हणाला, गावठी वाटतं, ‘समाधी’ लिही.

मास्तर६२: समाधी? ती निश्चल बसून लागते. सानांच्या नाचात बायका शेकोटीभोवती बसून टाळ्यांवर गातात, पुरुष त्यांच्याभोवती फेर धरतात. नाचता नाचता नाकातून रक्त येतं, चित्रांतही ते काढलंय. ‘अंगात येणं’च बरोबर. गावठी म्हणे!

रानवाट: पण अंगात यायला कुणीतरी लागतं ना, देव नाहीतर भूत? कलाहारी वाळवंटातले जुहोआन्सी, म्हणजे सानच, सांगतात, ‘नुम’ ही शक्ती पोटात तापते, कण्यातून वर चढते आणि वैद्य स्वतःच बाहेर पडतो. त्याला ते मरणच म्हणतात. म्हणून तर शेजारी मरणारा एलंड. इथे कुणी येत नाही, जातं.

योगी_पुणेकर: कण्यातून वर? मग सरळ कुंडलिनी लिहा की.

रानवाट: आणि एलंडला नंदी?

कोकणकडा: आमच्या सिंधुदुर्गात ‘अवसर’ येतो. आजी देवळात हात जोडून कुजबुजायची, ‘अवसर इलो’. अवसर म्हणजे संधी, देवाला बोलायची.

मास्तर६२: छे. अव अधिक सृ, खाली सरणं. देव खाली उतरतो. माझा तर्क, पण पक्का.

पाटोदेकर: आमच्याकडं ‘वारं’. ज्याच्यात शिरतं ते ‘झाड’. पण ‘घुमणं’ घ्या ना, त्यात कुणी यायलाही नको आणि जायलाही नको.

कोकणकडा: मास्तर, देव उतरतो तर ‘अवतर’ हवं, ‘अवसर’ कसं?

सायली_ठाणे: ‘घुमणं’ आवडलं. पण रक्ताळलेल्या नाकाशेजारी भुंगा आठवतो. बरं, दुसरी अडचण. केप प्रांतातल्या खाम या सान लोकांच्या कथेत काग्गेन जावयाच्या वहाणेपासून एलंड घडवतो, त्याला मध चोपडतो. काग्गेन म्हणजे मॅन्टिस. प्रार्थना कीटक लिहू की नाकतोडा? आणि एलंडला सांबर चालेल?

रानवाट: सांबर अजिबात नको! त्याची शिंगं गळतात, एलंडची नाही. त्यापेक्षा नीलगाय जवळची.

पाटोदेकर: नीलगाय नाही, रोही म्हणा.

मास्तर६२: कोकणकडा, ‘त’ आणि ‘स’चं सांगतो, थांबा.