एनव्हीडीए वापरणाऱ्या मुलीने लिनक्स आणि पायथन कुठून सुरू करावं?

सोलापूरकर_बीसीए

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. मला जन्मापासून दिसत नाही. घरच्या लॅपटॉपवर विंडोज आणि एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर आहे, मराठीसाठी ईस्पीकचा आवाज लावलाय. वर्ड, एक्सेल, मेल, ब्राउझर हे सगळं माझं मी करते.

कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र सगळ्या मशीनवर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार आहे. पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगण्यात आलं, "याच्यावर बोलणारं सॉफ्टवेअर चालत नाही. तू शेजारणीकडून जर्नल लिहून घे." जर्नल पूर्ण होईल हो, पण मला काय येणार? मला कोड लिहायचाय.

तेव्हा विचारते. लिनक्स खरंच बोलत नाही का? पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेला अर्थ असतो म्हणतात, ती ऐकून कशी कळणार? आणि घरचं विंडोज काढून लिनक्स टाकू का? दादा टाकून देतो म्हणतोय.

टर्मिनल_पुणे

माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, म्हणून तू म्हणतो. मलाही दिसत नाही. पुण्यात एका कंपनीत सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहितो आणि ते सर्व्हर लिनक्सचेच आहेत.

लिनक्स बोलतं. उद्या लॅबमध्ये हेडफोन घेऊन जा. लॉगिन झालं की विंडोजची कळ आणि ऑल्ट धरून एस दाब. ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर उबंटूच्या डेस्कटॉपमध्ये आधीपासून असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. इन्सर्ट धरून एच दाबलंस की शिकण्याचा मोड सुरू होतो: जी कळ दाबशील तिचं काम तो सांगतो, एस्केपने बाहेर ये. इन्सर्ट आणि स्पेस म्हणजे ऑर्काच्या सेटिंग्ज. मग कंट्रोल, ऑल्ट, टी. टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडली.

घरचं विंडोज मात्र काढू नकोस. नव्या सिस्टिममध्ये एखाद्या दिवशी आवाजच गेला, तर काय बिघडलंय हे कळायलाही तुझ्याकडे काही उरत नाही. अभ्यासाच्या मशीनवर ती जोखीम नको. त्यापेक्षा विंडोजची कमांड लिहायची खिडकी, पॉवरशेल, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड आणि लिही: डब्ल्यूएसएल, स्पेस, डॅश डॅश इन्स्टॉल. मशीन रीस्टार्ट केलं की विंडोजच्या आतच उबंटू मिळतं आणि ते तुझा ओळखीचा एनव्हीडीए वाचतो. लॅबमधल्या कमांड तिथे जशाच्या तशा चालतात. मागची ओळ पुन्हा ऐकायला लॅपटॉप लेआउटमध्ये एनव्हीडीए कळ आणि वरचा बाण.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. टर्मिनल आपल्यासाठी फार चांगली जागा आहे. तिथे चित्रं नाहीत, माउस नाही. एक ओळ लिहायची आणि उत्तरही ओळींतच येतं. फक्त ते डोळ्यांनी वरवर नजर टाकणाऱ्यांच्या सोयीने मांडलेलं असतं, ते आपल्या कानाच्या सोयीचं करून घ्यावं लागतं. दर कमांडनंतर तुझं नाव, मशीनचं नाव, फोल्डरचा अख्खा पत्ता असं सगळं ऐकू येईल. टर्मिनलच्या सेटिंग्ज असलेल्या डॉट बॅशआरसी या फाइलच्या शेवटी एक ओळ टाक: कॅपिटल पीएस आणि एक हा आकडा, बरोबरचं चिन्ह, मग एकेरी अवतरणात डॉलर आणि एक स्पेस, मध्ये कुठे जागा सोडू नकोस. नवीन टर्मिनल उघडलंस की नुसतं डॉलर ऐकू येईल. कुठे आहेस हे हवं तेव्हा पीडब्ल्यूडी विचार. फाइलींची यादी एलएस डॅश एक अशी माग, म्हणजे एका ओळीत एकच नाव येतं. लांबलचक आउटपुट टर्मिनलमध्ये ऐकत बसू नकोस. ग्रेटर दॅनचं चिन्ह लावून ते फाइलमध्ये टाक आणि एडिटरमध्ये निवांत एकेक ओळ वाच.

ओळीच्या सुरुवातीच्या जागेचं, म्हणजे इंडेंटेशनचं, उत्तर तुझ्या एनव्हीडीएतच आहे. एनव्हीडीए, कंट्रोल, डी दाबून डॉक्युमेंट फॉर्मॅटिंग उघड आणि ओळीचं इंडेंटेशन "टोन" वर ठेव, किंवा सुरुवातीला बोलणं आणि टोन दोन्ही. जितकी जागा जास्त, तितका सूर वर जातो. इफच्या आत शिरलीस की सूर चढतो, बाहेर आलीस की उतरतो. सवय झाली की आकडे ऐकायची गरज राहत नाही, एक ओळ घसरली असेल तर सूर लगेच खटकतो. शिवाय एनव्हीडीए आणि पी दाबत राहा, विरामचिन्हांची पातळी "सर्व" वर येईपर्यंत. कंस आणि कोलन ऐकू आलेच पाहिजेत.

कोडसाठी मराठी आवाज ठेवू नकोस, इंग्रजी लाव. एनव्हीडीए, कंट्रोल, पी ने प्रोफाइल बनव आणि ते व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरला बांध. मग व्हीएस कोडमध्ये गेलीस की इंग्रजी आवाज, सगळी चिन्हं, टोन हे आपोआप येईल आणि मेलमध्ये परत तुझं मराठी. व्हीएस कोडमध्ये ऑल्ट एफ एकला स्क्रीन रीडरसाठीची मदत आहे, एफ आठने थेट पुढच्या चुकीवर जाता येतं.

आणखी एक, व्हेरिएबलची नावं कानाने निवड. आय आणि जे वेगात ऐकताना निसटतात, रो आणि कॉलम निसटत नाहीत. फंक्शनही लहान ठेव. डोळस सहकाऱ्यांनाही असा कोड वाचायला बरा वाटतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

रत्नागिरी_इमॅक्स

वरच्या सल्ल्याशी बऱ्याच अंशी सहमत. फक्त घरात एखादं जुनं मशीन पडून असेल तर त्यावर खरंखुरं लिनक्स नक्की टाक, आणि दादाने नव्हे, तू स्वतः टाक. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचा इन्स्टॉलर सुरू होताना बीप देतो. बीप ऐकलास की एस दाबून एंटर कर, तिथून पुढे तो प्रत्येक पायरी बोलून दाखवतो आणि नव्या सिस्टिममध्येही बोलणं लावून देतो. डोळस माणूस शेजारी न बसवता अख्खं मशीन उभं करता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, ती अनुभवून बघच.

आणि टी. व्ही. रामन हे नाव लक्षात ठेव. ते पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. पुढे आयआयटी मुंबई, मग कॉर्नेलमध्ये पीएचडी. १९९५ साली त्यांनी इमॅक्स या एडिटरला बोलतं करणारं इमॅक्सपीक प्रसिद्ध केलं, मी रोज तेच वापरतो. स्क्रीनवरची अक्षरं नुसती वाचत सुटण्याऐवजी ते त्यांचा अर्थ सांगतं. कॅलेंडरमध्ये नुसता आकडा न उच्चारता वारासकट पूर्ण तारीख सांगतं, आणि कोडमधली कॉमेंट वेगळ्या आवाजात बोलतं, म्हणजे काय ओलांडून पुढे जायचं ते कानाला आधीच कळतं. शिकायला वेळ लागतो, आज लगेच धरू नकोस. पण दोनेक वर्षांनी जरूर बघ.

लॅबवाल्या_बाई

मी डोळस आहे, कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची असते. विभागप्रमुखांना लेखी अर्ज दे: ठरलेलं एकच मशीन, चालू साउंड, हेडफोन, आणि प्रॅक्टिकल परीक्षेतही ऑर्का. परीक्षेच्या आठवड्यात नको, आत्ताच दे. पोच घ्यायला विसरू नकोस. तू वर्गात हवी आहेस बाळ, जर्नलपुरती नव्हे.

सोलापूरकर_बीसीए

ऑर्का बोलला! पहिल्या मशीनचा साउंडच बंद होता, शेजारच्यावर लगेच सुरू झाला. शेजारची मैत्रीण म्हणाली, मलाही शिकव. बाई, अर्ज दिलाय, पोच घेतली. घरी डब्ल्यूएसएल चालू झालं आणि टोनही लावले, फॉर लूपच्या आतला इफ आता खरंच ऐकू येतो.

दोन अडचणी आहेत. पिपने, म्हणजे पायथनच्या लायब्ररी टाकणाऱ्या कमांडने, काही इन्स्टॉल करताना एनव्हीडीए टक्के मोजत राहतो, थांबतच नाही. आणि एरर आली की वीस-पंचवीस ओळी येतात, त्यातलं नेमकं काय ऐकायचं?

टर्मिनल_पुणे

वा! पिप इन्स्टॉलनंतर स्पेस देऊन डॅश डॅश प्रोग्रेस डॅश बार, पुन्हा स्पेस आणि ऑफ असं लिही, टक्के बंद होतील. पायथनची एरर खालून वर ऐक. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि कारण असतं, आणि तिच्या वर जिथे "फाइल" आणि "लाइन" हे शब्द पहिल्यांदा येतील तिथे ओळीचा नंबर. ती फाइल तुझी नसून लायब्ररीची असेल तर आणखी वर जा, तुझ्या फाइलचं नाव येईपर्यंत. मग व्हीएस कोडमध्ये कंट्रोल जी, तो नंबर, एंटर. नाहीच सुटलं तर ती शेवटची ओळ आणि तुझ्या फाइलमधली ती ओळ, दोन्ही इथे टाक.