मदत हवी आहे: बुरशी आलेल्या सव्वापाच इंची फ्लॉप्या वाचायच्या आहेत

मंडळी, गुहागरच्या घराच्या माळ्यावरून काकांचा जुना ३८६ संगणक आणि फ्लॉप्यांचा डबा खाली काढलाय. सगळ्या सव्वापाच इंची, ३६० केबीवाल्या. काका जिस्ट कार्ड (संगणकावर भारतीय लिपी आणणारं कार्ड) लावून त्यावर बागेचा हिशेब आणि शिमग्यातल्या नाटकांच्या संहिता मराठीत लिहायचे. हिशेब गेला तरी चालेल, संहिता मात्र हव्यात.

दमट हवेने करायचं ते केलंय. चकतीवर पांढरी बुरशी दिसते. अशी फ्लॉपी तशीच घातली तर ड्राइव्हचं हेड घाण होतं आणि मग त्यात घातलेली चांगली फ्लॉपीही खरवडली जाते, म्हणून अजून एकही चालवलेली नाही. पाकिटाची एक कड कापून, चकती बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची म्हणतात. कोणी प्रत्यक्ष केलंय का? कापड कुठलं? या पावसात ती नीट सुकते का?

बाजारातले यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीच असतात, ते निरुपयोगी. जुना १.२ एमबीचा ड्राइव्ह ग्रीझवीझल बोर्डाला (जुना फ्लॉपी ड्राइव्ह आजच्या संगणकाला यूएसबीने जोडणारा बोर्ड) जोडून आधी प्रत काढायचा विचार आहे. ३६० केबीची फ्लॉपी त्यात वाचता येते (लिहायचं मात्र नाही, त्याचं हेड अरुंद असतं). चिपळूण-रत्नागिरीकडे असा चालू ड्राइव्ह कोणाकडे आहे? विकत किंवा उसना, कसाही.

जिस्टवर लिहिलेला इस्कीतला (भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतातला) मजकूर युनिकोडमध्ये आणायला तुम्ही काय वापरता?

डब्यात टेलिक्सची (मोडेमने फोनवरून दुसऱ्या संगणकाशी जोडणाऱ्या प्रोग्रामची) फ्लॉपी आणि मोडेमही निघालाय. मुंबईला एसटीडी लावून काका कोणाशी बोलत असतील, देव जाणे!