मदत हवी आहे: जुन्या ट्रकच्या दारात नवं रबर बसवल्यावर काच अडकते

दाराच्या काचेचं फेल्ट चॅनल (काच ज्यात वर-खाली सरकते ती फेल्टचं अस्तर असलेली खाचपट्टी) आणि बाहेरची पुसपट्टी (दाराच्या कडेला काच पुसणारी रबरी पट्टी), दोन्ही नवीन टाकली आहेत. काच 6 मिमी. चॅनल जुन्यापेक्षा जाड निघालं, त्यामुळे काच अर्ध्यावर आवळते. सिलिकॉन स्प्रेने फरक नाही. ग्रीस लावणार नाही, त्याने फेल्ट धूळ धरतं. वरच्या कोपऱ्यात चॅनलला चुणी पडते. तिथे आतून व्ही आकाराची खाच कापावी की गरम करून वळवावं?

खरी अडचण पुसपट्टीची. क्लिपांची भोकं गंजून मोठी झालीत, काच वर घेताना पट्टीही वर ओढली जाते. पॉप रिव्हेट मारले तर डोकं काचेवर ओरखडे पाडेल. पत्र्याची पातळ पट्टी आतून जोडून नवी भोकं पाडणं टिकतं का? चिकटवणं नको, पुढे काच काढायची झाली तर पंचाईत.