वाड्यातले सगळे : मोठ्या बाबांचा एमआरआय

प्रशांत (गाव), सायं. ६.४२
(चार फोटो)
बाबाच्या कमरेचा एमआरआय झाला आज यवतमाळले. रिपोर्ट उद्या भेटन म्हणे. पल्लवीताई, पाहून सांग बरं काय निघालं त. सेवाग्रामच्या डॉक्टरसायबाले बी हेच फोटो टाकले, त ते म्हणतात फोटोवर नाई सांगता येत, स्टडी पाठवा. आता हा स्टडी काय असते?

शोभाआत्या (दारव्हा), ६.४४
दादानं काही खाल्लं का रे?

प्रशांत, ६.४५
खाल्लं. भाकर अन् वांग्याची भाजी.

गजूकाका (यवतमाळ), ६.५१
एवढे पैसे मोजून हे भलंमोठं प्लास्टिक देतात, अन् डॉक्टर म्हणते दिसत नाही. मग काढलं कायले?

पल्लवी (नागपूर), ७.१०
ड्युटीवर होते, आत्ता पाहिलं. प्रशांत, फिल्म खिडकीला धरून काढलेस ना फोटो? पहिल्यात मणक्याच्या मागं तुमची पऱ्हाटी दिसून राहिली. तिसरा घरात काढला वाटतं, ट्यूबलाइटचा पट्टा नेमका चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधात पडला. जिथं पाहायचं तिथंच. अन् चौथ्यातली अक्षरं वाच जरा.

प्रशांत, ७.१२
उलटी दिसून राह्यली 😄

पल्लवी, ७.१४
म्हणजे फिल्म पालथी धरली. आडव्या कापांत डावं-उजवं बदलून गेलं. मोठ्या बाबांचा डावा पाय जड पडतो, अन् फोटोत दोन मणक्यांमधली चकती उजवीकडं दबलेली दिसली तर डॉक्टरनं काय समजायचं?

निलेश (पुणे), ७.१५
मग डॉक्युमेंट म्हणून टाक ना. व्हॉट्सॲप तेव्हा क्वालिटी कमी करत नाही.

पल्लवी, ७.३१
निलेश, डॉक्युमेंट म्हणून टाकलं तर फोटो आहे तसा जाईल, हे खरं. पण जाईल काय, तर फिल्मचा फोटो. अन् फिल्म हीच मुळात निवडक छपाई. कमरेच्या एमआरआयत मशीन ढिगानं चित्रं काढते, उभे काप वेगळे, आडवे वेगळे, त्यातही टी-वन, टी-टू अशा चित्रं काढायच्या वेगवेगळ्या तऱ्हा. आम्ही टेक्निशियन त्यातली काही उचलून एका शीटवर चौकटीत बसवतो. एकेक चौकट पोस्टाच्या तिकिटाहून जराशी मोठी. उजेड किती, काळेपणा किती, हे छापतानाच ठरून जातं, मग कोणाला बदलता येत नाही.

मूळ फाइलला डायकॉम म्हणतात. साध्या जेपीजी फोटोत काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या २५६ छटा मावतात, डायकॉममध्ये बरेचदा ४०९६ पर्यंत. डॉक्टर स्क्रीनवर उजेड कमी-जास्त करतात, एकामागून एक काप सरकवत नस कुठं चेपली ते पाहतात, चकती किती मिलिमीटर बाहेर आली ते मोजतात. मोबाइलच्या फोटोवर मोजमाप होत नाही. त्या अख्ख्या संचाला ते स्टडी म्हणून राहिले. मशीन कोणत्याही कंपनीचं असो, १९९३ पासून डायकॉम हाच ठरलेला प्रकार आहे, म्हणून यवतमाळची फाइल सेवाग्रामात उघडते.

शोभाआत्या, ७.३८
पल्लू, मले त काही समजलं नाई बाई. दादाचं ऑपरेशन त नाई न करा लागत?

पल्लवी, ७.४०
आत्या, ते डॉक्टर तपासून सांगतील. नुसत्या चित्रावरून ऑपरेशन ठरत नाही.
प्रशांत, तू फोन उचल. मोठ्या बाबांना लघवी-संडास नीट कळते का, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का, पाऊल वर उचलता येते का, हे विचारायचं आहे. यातलं एकही बिघडलं असलं तर फाइल-बिइल राहू दे, रात्र असली तरी गाडी काढायची अन् सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं. उत्तर इथं लिहू नको.

प्रशांत, ७.५८
झालं बोलणं. तसं काही नाई.
सेंटरवाल्याले बी फोन लावला. सीडी मागतली त म्हणते, फिल्म देल्ली न, सीडीचे येगळे पैसे, अन् ते बी सर आल्यावर पाहू.

गजूकाका, ८.०२
कंबर आपली, पैसे आपले, अन् सरांची परवानगी!

पल्लवी, ८.०९
भांडू नको रे. सीडीचा खर्च मागितला तर देऊन टाक. पण 'देत नाही' म्हणाले तर एका कागदावर लेखी मागणी दे अन् पोच घे. रुग्णानं किंवा त्याच्या माणसानं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत लिहून आहे. कागद पाहिला की बहुतेकांचा आवाज बदलतो.
पेन ड्राइव्ह नेला तर लावून घेतीलच असं नाही. व्हायरसच्या धाकानं आम्हीही बाहेरचा लावू देत नाही. काही ठिकाणी मोबाइलवर लिंक येते, ती आली तर लगेच डाउनलोड करून ठेव, नंतर बंद पडते.

प्रशांत, दुसऱ्या दिवशी दु. १२.२०
कागद काढाच नाई लागला, सीडी भेटली. पण लावू कुठं? पोराच्या लॅपटॉपले सीडीची जागाच नाई.

सुनीतावहिनी (गाव), १२.२४
लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं पाहा भाऊजी, त्याचा जुना कम्प्युटर आहे.

प्रशांत, १.०५
त्याच्याकडंच आहो. उघडली त आत नुसते आयएम शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन असे नावं. फोटो दिसतच नाई. तो म्हणे सीडी खराब आहे, नाईतर मी सगळे जेपीजी करून देतो.

पल्लवी, १.०७
नको नको! खराब नाही ती. त्या फाइली साध्या फोटोसारख्या उघडतच नाहीत, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. नावं बदलू देऊ नको, जेपीजी तर मुळीच नको. सीडीवर जे जे आहे, डायकॉमडिर नावाची फाइल धरून, सगळं जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर घे अन् एक झिप बनव. निघताना त्याच्या कम्प्युटरवरचं पुसायला लाव, तुझ्यासमोर. मोठ्या बाबांचं नाव, वय, तपासणीची तारीख, हे फाइलच्या पोटातच लिहिलेलं असतं.

शोभाआत्या, १.१५
दादाच्या कमरेचं कोणाले काय करा लागते?

सुनीतावहिनी, १.१९
आत्याबाई, आपल्याकडं एका पोरीच्या छातीचा एक्स-रे कोणीतरी ग्रुपवर टाकला होता. औषध संपून पोरगी ठणठणीत झाली, तरी सोयरिकीवाले अजून मले इचारतात. आशाताई म्हणून मीच सापडतो त्यायले.

निलेश, १.२६
दवाखानेही काही कमी नाहीत. २०१९ मध्ये ग्रीनबोन नावाच्या जर्मन कंपनीनं शोधलं होतं, जगभरातले एक्स-रे, सीटी ठेवलेले सर्व्हर इंटरनेटवर बिनकुलपाचे पडलेले. भारतातलेही होते त्यात. प्रशांत, झिप गूगल ड्राइव्हवर टाकताना 'लिंक असलेला कोणीही' असं ठेवू नको. डॉक्टरांचा ईमेल घे अन् तेवढ्यालाच परवानगी दे.

गजूकाका, १.४०
एवढा उपद्व्याप कायले? माझ्या आयुष्मान कार्डात आपोआप जात नाही का सगळं?

सुनीतावहिनी, १.४४
काका, पाच लाखाच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड येगळं, तपासण्यायचे कागद जोडाचं सरकारी आभा खातं येगळं. आभाचा नंबर १४ अंकी असते. मीटिंगमध्ये बी सगळे हीच गल्लत करतात.

पल्लवी, १.५२
अन् आभा म्हणजे तिजोरी नाही काका. रेकॉर्ड दवाखान्याकडंच राहतं, तुम्ही मोबाइलवर हो म्हटलं की दुसऱ्या दवाखान्याला दिसतं. पण दोन्हीकडचं सॉफ्टवेअर जोडलेलं पाहिजे. या सेंटरची पावती अजून कार्बन लावून फाडतात, तिथं आभाचं नाव कशाला घ्यायचं. रिपोर्टचा पीडीएफ मात्र आपण स्वतः आभाच्या ॲपमध्ये चढवू शकतो, तो चढवून ठेवा.

रोहिणी (पुसद), २.१०
पल्लवीताई, माझ्या सोनोग्राफीची पण अशी फाइल घेऊ का? आई म्हणते अजून एका डॉक्टरला दाखवू.

पल्लवी, २.१८
सोनोग्राफीचं तसं नाही गं. त्यात सगळं पाहणं हात फिरवतानाच होतं, जपून ठेवलेली चित्रं म्हणजे डॉक्टरनं थांबवलेले मोजके क्षण. ते दुसऱ्याला पाठवून फार काही हाती लागत नाही. शंका असली तर दुसऱ्या डॉक्टरकडं पुन्हा करून घे. रिपोर्ट जपून ठेव, आठवडे अन् मापं त्यात असतात.

प्रशांत, रात्री ९.४७
टाकीजवळ रेंज भेटली. दोनशे एमबी चढवाले तासभर लागला, डास चावून चावून जीव गेला. सायबाच्या ईमेलले पाठवलं.

प्रशांत, तिसऱ्या दिवशी स. १०.३०
सायबाचा मेसेज आला: "स्टडी उघडली, सगळे काप दिसतात. मंगळवारी ओपीडीत घेऊन या. मागं कधी कमरेचा एक्स-रे काढला असेल तर तोही आणा." बाबाचा एक्स-रे धानाच्या कोठीमागं गुंडाळी करून होता, सापडला.

पल्लवी, १०.३४
गुंडाळी सोडव अन् गादीखाली सपाट ठेव. तो फिल्मच न्यायचा, त्याची फाइल आता कुठून मिळणार. सीडी पण सोबत असू दे.

गजूकाका, १०.४०
मंगळवारी गाडी माझी. सकाळी सहाला निघू.

मोठे बाबा, १०.५५
(व्हॉइस मेसेज, १४ सेकंद)

शोभाआत्या, १०.५८
काय म्हणते दादा? मले ऐकू नाई येत याच्यातलं.

प्रशांत, ११.०१
म्हणतात मंगळवारी वेचायले बाया सांगतल्या, बुधवारी नाई का जमत. नाई जमत म्हणून सांगतलं. बायायकडं आई पाह्यन.