रेडिंगमध्ये जीपी कसा निवडावा?

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात आम्ही लीड्सहून रेडिंगला आलो. घराजवळ दोन सर्जरी, म्हणजे जीपींचे (फॅमिली डॉक्टरांचे) दवाखाने, आहेत आणि दोन्हीकडे नवीन पेशंट घेतात. एकीला गुगलवर २.३ तारे, दुसरीला ३.९. सीक्यूसीचा (इंग्लंडमधल्या दवाखान्यांची तपासणी करणाऱ्या संस्थेचा) शेरा मात्र दोघींनाही ‘गुड’. नवऱ्याला सहा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे घाईने फॉर्म भरायला मन धजत नाही. तुम्ही कशावरून ठरवलंत?

— लीड्सहून नुकती आलेली

*

अगं, एकेरीच लिहिते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. मी बावीस वर्षं प्रॅक्टिस नर्स होते, त्यातली बहुतेक मधुमेहाच्या क्लिनिकमध्ये गेली.

तारे लोक बहुधा फोनला आणि रिसेप्शनला देतात. सकाळी आठपासून अर्धा तास फोन कानाला लावून बसलेला माणूस एकच तारा देणार, आणि त्याचा राग खराच असतो. पण ज्याच्या लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंड बिघडू लागलं की झिरपणारं प्रथिन) वेळेत सापडलं आणि मूत्रपिंड सांभाळलं गेलं, तो गुगलवर लिहायला जात नाही. काय टळलं हे त्याला कळलेलंही नसतं.

सीक्यूसीच्या शेऱ्याची आधी तारीख बघ. काही शेरे कित्येक वर्षांपूर्वीचे आहेत. २०२४ साली सरकारने डॉ. पेनी डॅश यांच्याकडून सीक्यूसीचीच तपासणी करून घेतली, तिच्यातही हे आलं. मधल्या काळात पार्टनर डॉक्टर निघून गेले, मॅनेजर बदलली, की पाटी तीच राहते आणि दवाखाना दुसराच होतो.

त्यापेक्षा जीपी पेशंट सर्व्हे उघड. तो दरवर्षी होतो आणि प्रत्येक सर्जरीचे आकडे वेगळे मिळतात. ‘डॉक्टरांनी किंवा नर्सने तुमचं ऐकून घेतलं का’ आणि ‘जुनाट आजारात पुरेशी मदत मिळाली का’, या दोन प्रश्नांची उत्तरं मी आधी वाचते. किती जणांनी उत्तर दिलंय तेही पाहा. शंभर जणांनी दिलं असेल, तर पाच टक्क्यांचा फरक म्हणजे पाच माणसं.

आता यांच्या मधुमेहाचं. वर्षातून एकदा आठ गोष्टी व्हायलाच हव्यात: एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी रक्ततपासणी), लघवीतलं अल्ब्युमिन, बीएमआय, सिगारेटची चौकशी आणि पाय. नॅशनल डायबिटीस ऑडिटमध्ये सर्जरीवार आकडे असतात, किती पेशंटांच्या या सगळ्या तपासण्या झाल्या त्याचे. रक्त सगळेच काढतात. राहतात ती लघवी आणि पाय. म्हणून मी ओळखीच्यांना एकच विचारते: वर्षाच्या तपासणीच्या (रिव्ह्यूच्या) वेळी बूट-मोजे काढायला लावले का? तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून स्पर्श कळतो का ते पाहायचं, नाडी चाचपायची, बोटांच्या बेचक्यांत बघायचं. पाच मिनिटांचं काम असतं. ते गडबडीत टाळलं गेलेल्या माणसाच्या पायाची जखम मी नंतर महिनोन्‌महिने बांधली आहे.

आणि बीएमआय आपल्या लोकांना २५ पासून नव्हे, २३ पासूनच धोक्याचा धरायचा असतो. तो आकडा नर्सने आपणहून सांगितला, तर ती तुमच्याकडे नीट बघतेय असं समज.

— मिल्टन कीन्सची मावशी

*

मावशींशी सहमत, फक्त फोन इतका सोडून देऊ नका. आमच्या सर्जरीला ‘गुड’ होता, २०१७ चा. हिच्या लघवीचा रिपोर्ट बिघडलेला आला आणि आम्हाला कोणी कळवलंच नाही. ‘काही असतं तर बोलावलं असतं’ म्हणून आम्ही निवांत. चार महिन्यांनी एनएचएस ॲपवर मलाच दिसला. मग आठ दिवस रोज सकाळी फोन लावत होतो. शेवटी प्रॅक्टिस मॅनेजरला लेखी तक्रार दिली, तेव्हा भेट मिळाली. तक्रार सर्जरीकडे द्यायची नसेल तर आयसीबीकडे (आपल्या भागातल्या एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या मंडळाकडे) देता येते, आणि मुदत बारा महिन्यांची असते, हे लक्षात ठेवा. निवडतानाच विचारा: रिपोर्ट बिघडला तर कोण कळवतं, किती दिवसांत?

— स्लावचे काका

*

काका, वहिनींची तब्येत आता बरी असेल अशी आशा करते. तुमचं खरं आहे, फोनला मी कमी लेखायला नको होतं. फोन लागलाच नाही तर माझ्यासारख्या नर्सपर्यंत माणूस पोचणार कसा?

— मिल्टन कीन्सची मावशी

*

मावशी, काका, मनापासून आभार. काल दोन्हीकडे जाऊन आले. ३.९ वालीकडे मधुमेहाचा रिव्ह्यू कोण करतं हे रिसेप्शनवर कोणाला सांगता येईना. २.३ वालीच्या बाईंनी नर्सचं नाव सांगितलं, आठवडाभर आधी रक्त आणि सकाळची पहिली लघवी द्यायची, मग अर्ध्या तासाची भेट, असं सगळं समजावलं. बिघडलेला रिपोर्ट कोण कळवतं हेही सांगितलं. सर्व्हेतही ‘ऐकून घेतात’मध्ये तीच वर, फोनमध्ये मात्र फारच खाली. तिथेच नाव घातलं.

एक शंका: यांच्या डोळ्यांच्या तपासणीचं बोलावणं आता लीड्सच्या पत्त्यावर तर जाणार नाही ना?

*

डोळ्यांची तपासणी सर्जरी करत नाही, वेगळी यंत्रणा करते. तिला यादी जीपीच्या नोंदीवरून मिळते, म्हणून नवीन नोंद झाली की बोलावणं इकडून यायला हवं. पण आधीच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ असतील तर आता दोन वर्षांनीच बोलावतात. मग पत्र हरवलंय की मुळात निघालंच नाही, हे घरबसल्या कळत नाही. शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख शोध आणि पहिल्याच भेटीत नर्सला दे.

— मावशी